कपाटातल्या स्वच्छ नळ्या

समस्त जनहो, कान टवकारून ऐका! आमच्या विद्यापीठाच्या जिवाणूशास्त्र विभागाचा इतिहास अखेर काचेच्या कपाटात विराजमान झाला आहे.

वरच्या फळीवर आजवरच्या विभागप्रमुखांचे फोटो, सगळे कोटात. खाली मखमलीवर परीक्षानळ्या, धुऊन लखलखीत केलेल्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर मात्र आमच्या प्रयोगशाळेतल्या कुसुमताईंचं. या नळ्यांत पहिल्या प्रमुखांनी गावोगावच्या विहिरींतून, दह्यातून, शेतातल्या मातीतून जमवलेले जिवाणू होते. फोटोसारखे ते आपोआप टिकत नाहीत. दर महिन्याला त्यांना ताज्या खाद्यावर, नव्या नळीत हलवावं लागतं. कुसुमताईंनी हे तीस वर्षं केलं, अगदी दिवाळीच्या सुट्टीतही येऊन.

कुसुमताई आपल्या मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर गेल्या आणि आमच्या आताच्या विभागप्रमुख साहेबांना प्रदर्शनासाठी जुन्या नळ्या हव्या झाल्या. आतला 'चिकटा' वाफेवर उकळून टाकण्यात आला. मी त्या वेळी मखमलीचा रंग ठरवणाऱ्या समितीवर होतो! तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, स्वतःवरही. खुर्चीत कोण बसलं याची नोंद आपण सोनेरी अक्षरांत करतो. जे हातातून हातात जिवंत राहिलं, ते मात्र आपल्याला घाण वाटतं.

उद्घाटनाला साहेबांनी कौतुकानं विचारलं, "काय कुसुमताई, शोभतायत ना तुमच्या नळ्या?"

त्या काचेपाशी वाकल्या, आणि भर सभागृहात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो साहेब, जिवंत होते हो ते सगळे!"