खालांच्या टेपवर माझी आत्या

"ही माझ्या आईची टेप आहे, तुझ्या आत्याची नाही!"

न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोतल्या त्या इवल्याशा स्वयंपाकघरात आमची शेजारीण अशी ओरडली, की बंदरातली जहाजं दचकून ऑस्ट्रेलियाला लागली असतील. टेबलावरच्या कॅसेट रेकॉर्डरमधून माझी आत्या रेड्यावर बसून जत्रेतून घरी परतत होती.

शेजारीण पॅलेस्टिनी. निर्वासित बायकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टेप करून ठेवायची. राहिली होती फक्त स्वतःची आई. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. लेकीसमोर बसलं की खाला दर वाक्याला "हे तुला माहीतच आहे" म्हणून पुढे उडी मारायच्या. म्हणून काहीच माहीत नसलेलं माणूस हवं होतं. अज्ञानात माझा हात धरणारं अख्ख्या न्यूझीलंडात कोणी नव्हतं. मीही इथल्यासारखं "स्वीट अ‍ॅज", म्हणजे 'एकदम चालेल', म्हणून मोकळी झाले. खाला सोमवारी कायमच्या कॅनडाला, लेकाकडे निघाल्या होत्या. हा शेवटचा रविवार. मी फक्त गप्प बसून ऐकायचं होतं. पुण्याच्या बाईला असलं काम देणाऱ्यांचंही धाडस म्हणायचं!

सकाळी भरलेली ती टेप पुढे सरकली. खाला सांगत होत्या, गाव सोडताना आईने कोंबड्यांना आठवडाभराचे दाणे टाकले, तेवढ्यात परतू म्हणून. लगेच माझा आवाज: "अय्या, आमच्याकडेही अस्संच!" आणि माझे आजोबा पुरात वाहून गेले ते सुसरीला वाट विचारत रात्रीच्या पिठल्याला हजर. खालांनी जैतुनाच्या झाडाखाली रात्र काढली, तर माझी मावशी वाघाच्या गुहेत घोरून धारेच्या वेळेला गोठ्यात. कॅसेटची अख्खी बाजू मीच. खालांचं मधूनमधून नुसतं "मग?"

"अगं, मी आपली त्यांना धीर यावा म्हणून..."

"एक शब्द नाही!" शेजारणीने माझ्या तोंडात खजुराची दोन बिस्किटं कोंबली, कॅसेट उलटी करून घातली आणि आईकडे वळली. "तू तरी हिला थांबवायचंस ना! धडधडीत थापा मारत होती. कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं," खाला म्हणाल्या. "पण तिची माणसं घरी परत येतात."