स्वभावाप्रमाणे लावलेली कलमं

लोक भांडी जमवतात, वकीलबाई करारातली कलमं जमवायच्या. कुणाच्या भाडेपट्ट्यात एखादं नेमकं वाक्य दिसलं की ते कार्डावर उतरून घरी यायचं आणि बुटांच्या खोक्यात नाहीतर इस्त्रीच्या टेबलाखाली मुक्काम ठोकायचं.

यंदाच्या सुट्टीत त्यांनी हा पसारा आवरायला काढला. आधी कायद्याच्या विषयांप्रमाणे लावून पाहिला: भागीदारी, भाडं, वाटणी. दिसायला झकास, पण वेळेला एक कार्ड हाती लागेल तर शपथ. मग बाईंनी सगळं पुन्हा जमिनीवर ओतलं आणि माणसांच्या स्वभावाप्रमाणे लावलं. कपाटाच्या खणांवर चिठ्ठ्या चढल्या: ‘शब्द फिरवणारे’, ‘उगाच घाई करणारे’, ‘विश्वास नाही पण बोलणं चालू’. नवरा हसून बेजार. हे कायद्याचं कपाट की उखाळ्यापाखाळ्यांचं, असं त्यानं दोनतीनदा विचारलं. बाई बाहेर गेल्यावर मात्र आपण कुठल्या खणात बसतो ते हळूच बघून आला, हे आमच्या अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

कपाटाची परीक्षा घेतली ती बाईंच्या नणंदेनं. तिची आणि तिच्या मैत्रिणीची मिळून पावाची बेकरी. दोघींचं बिनसलं. वेगळं व्हायचं ठरलं, पण भट्टी कुणाची, दुकानाचं नाव कुणाचं आणि बरणीतलं पाव फुगवायचं जुनं खमीर कुणाचं, यावर घोडं अडलं. एका दुपारी दोघी बाईंच्या घरी आल्या. तेव्हा सुटलं नसतं तर कोर्टात जाणार होत्या, आणि निकाल लागेपर्यंत भट्टी थंड. सोफ्याच्या दोन टोकांना दोघी, मध्ये बरणी. तीही फसफसत होती.

बाईंनी आधी नुसतं पाहून घेतलं. मैत्रीण नणंदेला खोटारडी म्हणत होती, आणि म्हणता म्हणता तिच्या चहातली साखरही ढवळून देत होती. बाई उठल्या, तिसरा खण ओढला आणि दोन भावांच्या घराच्या करारातलं एक कार्ड घेऊन आल्या.

“एकीनं दोन वाटे करायचे. दुसरीनं आधी उचलायचा.”

उचलायला दोघी तयार, वाटे करायला कुणीच नाही.

“समोरची फसवेल असं जिला जास्त वाटतं, तिनं करावेत,” बाई म्हणाल्या.

“मग मीच, वहिनी. हिचा काय भरवसा.”

नणंद कागद घेऊन बसली. भट्टी एकीकडे टाकली की दुसरा वाटा केविलवाणा दिसे. तिथे नाव टाकलं की पहिला उतरे. खोडून खोडून कागदाची चाळण झाली. शेवटी भट्टी आणि जागा एका वाट्यात, नाव आणि हॉटेलांच्या ऑर्डरी दुसऱ्यात, खमीर निम्मं निम्मं. आता कुठलाही आला तरी चालेल, असं तोंडून गेलं आणि ती स्वतःच चपापली.

मैत्रिणीनं भट्टी उचलली. नणंदेला हसू आवरेना.

“मला नावच हवं होतं गं.”

“मग सांगायचंस ना.”

“तू विचारलंस कधी?”

सह्या झाल्या. बाईंच्याच ओट्यावर खमीर दोन डब्यांत गेलं. दुसऱ्या सकाळी जुनी भट्टी पेटली, पुढे नणंदेची नवीही. वकीलबाई आता ताठ मानेनं जिना उतरतात, दोन्ही दुकानांतून पाव आणतात, आणि कुठला चांगला ते सख्ख्या नवऱ्यालाही सांगत नाहीत.