खिडकीजवळचं टेबल

डिसेक्शन हॉलमध्ये नवा देह आला, की हॉलमामा आधी त्याचे पाय धुवायचे. घरी पाहुणा आल्यासारखे, कोमट पाण्याने. मग पंचाने बोटांच्या बेचक्या कोरड्या करून आम्हा विद्यार्थ्यांना म्हणायचे, "आता शिका. पन मान ठेवा, अष्टेच, तेवढंच."

ते आमच्या म्हैसूरच्या मेडिकल कॉलेजात अटेंडर होते. पूर्वज कधीकाळी राजाच्या फौजेत आलेले, म्हणून घरात मराठी, तीही कन्नडमध्ये पार भिजलेली. मी साताऱ्याची. त्यांच्या मराठीला हसायची, आणि एकटं वाटलं की तीच ऐकायला हॉलच्या पायरीवर जाऊन बसायची.

आम्ही देहांना नंबराने ओळखायचो. एकदा मी शहाणपणा पाजळला, तीन नंबरचं लिव्हर खराब आहे म्हणून. मामा म्हणाले, "लिव्हर तुझ्या पुस्तकातलं. ह्यांच्या टाचेच्या भेगा बघ. लई चालले असतील, अल्वा?" कित्येक महिने त्या टेबलाशी उभी होते, पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

बोगादीत, ते राहायचे त्या वस्तीत, त्यांच्या हातची कॉफी कुणी घेत नसे. मेलेल्यांना शिवणारा माणूस ना! लग्नाची पत्रिका दारात टाकून लोक परत फिरत. बायको गेल्यावर मामा सुट्टीच्या दिवशीही कॉलेजात येऊन बसू लागले. मी तिथे शिकवायला लागले त्या वर्षी त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला. खिडकीजवळचं टेबल दाखवून म्हणाले, "मला इथं ठेवा. घरी सुम्ने, उगीच एकटा असतो. इथं पोरं तरी जवळ येतील. पाय तेवढे तू धू." मी हो म्हणाले.

मामा गेले आणि पुतण्याने देह द्यायला नकार दिला. मी तासभर विनवलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. "काकांना कापायला दिलं म्हणतील, मॅडम," एवढंच तो म्हणत राहिला. ज्यांनी जन्मात त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही, तेच खांदा द्यायला पुढे झाले. मी दिलेला शब्द तसाच घेऊन मागून चालले.

पुढच्या सोमवारी खिडकीजवळच्या टेबलावर एक बेवारस म्हातारा आला. मी कोमट पाण्याची बादली मागवली. मुलं वह्या घेऊन उभी होती. हे परीक्षेला आहे का, असं एकीने विचारलं. नाही, म्हणाले, आणि पंचा घेऊन वाकले. टाचांना भेगा होत्या. पण ते पाय मामांचे नव्हते, आणि मला रडू आवरलं नाही.