राखेच्या रस्त्यावरच्या सरवदे मॅडम

छत्री उगारून शाळेसमोर भर रस्त्यात उभ्या असलेल्या सरवदे मॅडम मी पहिल्यांदा पाहिल्या, ते सिरसाळ्याच्या शाळेत रुजू झालो त्या सकाळी. समोर वीज केंद्रातल्या राखेनं भरलेला हायवा ट्रक, वर ताडपत्री नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता आणि दम्यानं धापा टाकणाऱ्या, किरकोळ बांध्याच्या या बाई म्हणत होत्या, "आधी झाक, मंग जा. आत लेकरं बसल्यात माझी."

तो ड्रायव्हर म्हणजे दत्ता. त्यानं खाली उतरून मॅडमना नको त्या शिव्या दिल्या. मॅडम हलल्या नाहीत. शेवटी त्यानं ताडपत्री ओढली.

पुढे काही वर्षांनी दत्ताचीच फुफ्फुसं निकामी होत गेली. शहरातल्या डॉक्टरांनी आवाक्याबाहेरचा खर्च सांगितला. त्याची मुलगी मॅडमच्या वर्गात होती. तिची आई, सुनीता, रडत शाळेत आली. मॅडमनी मला बोलावलं. "सर, लोक फोनवरून मदत मागत्यात, तसं आपल्याला जमंल का?"

मी दत्ताचा फोटो आणि डॉक्टरांचे कागद जोडून इंटरनेटवर आवाहन टाकलं, गावाच्या ग्रुपवरही पाठवलं. नेमका तेव्हा वारा पडला होता. राख हवेतच तरंगत होती. गाव खोकत होतं, डोळे चोळत होतं. ग्रुपवर किराणा दुकानदार भानुदासशेठनी लिहिलं, "यानंच आमच्या घरात राख घातली. याला कशापायी द्यायचं?" खाली कितीतरी जणांनी री ओढली. मदत काही येईना.

मॅडमनी ते वाचलं आणि त्या भर दुपारी त्याच रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तोंडावरचा रुमाल काढला. "घ्या सर, माझं बोलणं फोनात घ्या."

"मॅडम, आत चला. दम लागेल."

"लागू द्या."

मग खोकत, थांबत त्या बोलल्या. "मला आत्ता होतंय, तसं दत्ताला झोपंत बी होतंय. तुमचा बी घसा जळतोय ना आज? मंग आजच द्या. हवा साफ झाली की आपन इसरतो. राख त्यानं वाहिली, खरं हाय. पन त्याच्याइतकी कुनी गिळली न्हाई."

तो व्हिडिओ मी लगेच आवाहनासोबत आणि ग्रुपवर टाकला. संध्याकाळी पहिली मदत आली ती भानुदासशेठची. मग ओघ लागला. दूरदूरच्या शहरांतल्या अनोळखी माणसांनी मदतीसोबत लिहिलं, 'आमच्याकडेही आज श्वास घेववत नाही.' माझा फोन वाजायचा थांबत नव्हता.

मॅडमना मात्र त्या रात्री अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी चिडलोच. नाकावरची नळी सावरत त्या म्हणाल्या, "माझा दम जुना हाय, सर. एकदा त्याला कामाला लावलं."

दत्ता वाचला. गाडी चालवणं मात्र कायमचं सुटलं.

निवृत्तीनंतर मॅडम मुलाकडे लातूरला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळे एसटीपाशी जमलो होतो. दत्ता सुनीताच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत आला. तो पाया पडायला वाकू लागला, तशी मॅडमनी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"वाकू नगंस बाबा," त्या म्हणाल्या. "ताठ उभा ऱ्हा. मला तसाच बघू दे."