साडूंच्या तक्त्यातली खूण

दिवस रविवार, रक्कम शून्य रुपये शून्य पैसे, आणि हजर चौघे: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू. रक्कम मुद्दाम लिहिली, कारण सगळं बिनसलं ते त्या शून्यावरूनच. साऱ्या नांदेड जिल्ह्यात माझ्या साडूंइतका संशयी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंनी त्याच्यावर केव्हाच पाळत ठेवली असेल. मुखेडकडच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवायचे. मुलांचे गुण यापुढे कागदावर नकोत, इंटरनेटवरच्या तक्त्यात भरायचे, असं शाळेनं ठरवलं आणि ते खातं उघडायला साडू आमच्या घरी आले, कारण स्वतःच्या घरच्या वायफायवर त्यांचा विश्वास नव्हता. "पैसे किती याचे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "पाव्हणे, मोंढ्यात सुतळीचा तोडासुद्धा कोणी फुकट देत न्हाई. आन हे पोरांचे मार्क फुकटात सांभाळून राहिले? कोणीतरी बघून राहिलंय, लिहून ठेवा."

तेव्हापासून त्या 'कोणीतरी'चा बंदोबस्त हाच साडूंचा उद्योग झाला. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्यांनी ताईंची टिकली चिकटवली आणि ऑनलाइन तासालाही ती काढली नाही, त्यामुळे मुलांना सरांच्या जागी नुसता अंधार दिसे आणि त्या अंधारातून प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम ऐकू येत. गुणांविषयी बोलायचं असलं की आधी घरातले सगळे फोन ज्वारीच्या डब्यात जात. मोबाइलवरच्या चाचणीची उत्तरं ते मुलांकडून पुन्हा वहीत लिहून घेत आणि खाली वडिलांची सही आणायला लावत. पासवर्ड तर एका माणसाकडे ठेवणं त्यांना धोक्याचं वाटे. पहिला अर्धा भाग ताईंना तोंडपाठ, उरलेले चार आकडे एका बंद पाकिटात माझ्या ऑफिसच्या खणात. "फोडायचं न्हाई," असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. स्वतःला तो पाठ होऊ नये म्हणून ते दर महिन्याला तो बदलत आणि नवं पाकीट आणून देत.

पण सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे खूण. त्यांचे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल न्यायचे तेव्हा पोत्याच्या शिवणीत एक लाल दोरा घालायचे, पोतं बदललं गेलं तर ओळखता यावं म्हणून. साडू प्रत्येक तक्त्यात एक आकडा जाणूनबुजून चुकीचा भरत, खिशातल्या डायरीत त्याची नोंद ठेवत आणि तक्ता पुढे पाठवण्याआधी तो दुरुस्त करत. "कोणी चोरून बघितलं तर हटकेल की, आकडा चुकला म्हणून. हटकला की सापडला!" मी आकड्यांतला माणूस, मला हे मुळीच पटलं नाही. म्हटलं, एखाद्या दिवशी दुरुस्ती राहून जाईल. ते म्हणाले, "डायरीत नोंद हाय." बरीच वर्षं गेली, कोणी हटकलं नाही. त्यावरून साडूंनी निष्कर्ष काढला, की बघतात सगळेच, कबूल कोण करणार?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी ताईंनी शर्टासकट डायरी धुतली.

दहावीच्या प्रात्यक्षिकांचे गुण बोर्डाकडे जायच्या दिवशी तक्ता मुलांना बघायला खुला केला होता. भाग्यश्री नावाची मुलगी साडूंसमोर येऊन उभी राहिली. "सर, मला वीसपैकी दोनच? माझी प्रयोगवही तर तुम्हीच साऱ्या वर्गाला दाखवली होती." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का. वीसमधलं शून्य साडूंनीच खूण म्हणून पुसलं होतं, आणि त्याची नोंद डायरीबरोबर धुऊन गेली होती. पाच वाजता तक्ता बंद होणार होता आणि साडेचार होऊन गेले होते.

साडू मुख्याध्यापिका बाईंच्या संगणकाकडे धावले, ताईंना फोन करून पासवर्डचा पहिला भाग घेतला, आणि मग माझा फोन वाजला. "पाव्हणे, पाकीट फोडा!"

"फोनवर सांगू? कोणी ऐकत असेल तर?"

"ऐकू द्या हो! लेकराचे अठरा मार्क चाललेत!"

मी चार आकडे वाचले. पलीकडे टकटक झाली. पासवर्ड चुकीचा. मी पुन्हा एकेक आकडा वाचला. पुन्हा चुकीचा. शेवटी साडू अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तिसरा आकडा एकनं कमी करून सांगतो मीच बाईंना. तिथं खूण घातली होती. तुम्ही चोरून पाकीट फोडलं, तर कळावं म्हणून."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पण तक्ता उघडला. पाचला नऊ मिनिटं असताना शून्य आपल्या जागी बसलं. साडूंच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला नेहमी संशय असतो ना, आज बघाच. या तक्त्यात कोणी, कधी, काय बदललं, त्याची सगळी यादी इथं असते." फोन चालूच होता. बाई नावं वाचत गेल्या. वरपासून खालपर्यंत एकच नाव, साडूंचं.

"म्हणजे दुसऱ्या कोणी हातच लावला न्हाई?" साडूंनी विचारलं. "इतक्या वर्षांत कोणाला एकसुद्धा चूक दिसली न्हाई?"

"दिसली की. आज, भाग्यश्रीला," बाई म्हणाल्या.

निवृत्तीनंतर साडू लातूरला मुलाकडे राहायला गेले. गच्चीवर त्यांनी तापमापी आणि पर्जन्यमापक लावलाय, आणि रोजची नोंद ते त्याच फुकटच्या तक्त्यात करतात. तो तक्ता फक्त मला दिसतो. पासवर्डही त्यांनी मला पूर्ण दिला, सगळे आकडे बरोबर. तक्त्यात मात्र दर महिन्याला एक खूण असतेच. मी एक तारखेला सकाळी चष्मा लावून बसतो आणि सापडली की फोन करतो. "तेरा तारीख. भर मे महिन्यात लातुरात चार अंश?"

"सापडलं म्हणायचं!" पलीकडून हसू येतं. "बघता मग तुम्ही."

"बघतो की."

गेल्या महिन्यात मी तक्ता तीनदा तपासला, खूण सापडली नाही. तरी फोन केला. ते म्हणाले, "या खेपेला घातलीच न्हाई. म्हटलं, न घालताबी फोन येतो का बघावं."

तर हिशेब एवढाच: शेवटी दिले गेले ते अठरा गुण, भाग्यश्रीला, आणि ते तिचेच होते. साडूंना दर महिन्याला एक फोन. तो चालू आहे.