राजापेठेतल्या खोलीची भिंत

खोली सोडल्याच्या पाचव्या दिवशी काकूंचा मेसेज आला. काकू म्हणजे अमरावतीला राजापेठेत मी ज्यांच्याकडे तीन वर्षं भाड्याने राहिले त्या घरमालकीण. मी तेव्हा अंजनगाव सुर्जीला घरी होते, आईसोबत तांदूळ निवडत. मेसेज म्हणजे वहीच्या पानाचा फोटो होता. पूर्ण खोलीला कलर, चार हजार. पंखा दुरुस्ती, सहाशे. साफसफाई, पाचशे. बाथरूमची तोटी, तीनशे. आणि खाली, बाकी सहाशे रुपये, येऊन घेऊन जाणे.

डिपॉझिट सहा हजार होतं. एमएस्सीला मला अकोल्यात प्रवेश मिळाला होता आणि तिथल्या खोलीचं डिपॉझिट याच पैशांतून भरायचं ठरलं होतं. तिथले मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणाले होते. त्यानंतर खोली दुसऱ्या कोणाला देणार होते.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. डिपॉझिट पूर्ण परत मिळतं की त्यातून असं काही कापायची रीतच असते, हे कोणाला विचारावं तेही मला कळत नव्हतं. शेवटी राजापेठेत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या सगळ्याइचेच कापतात. तू काहून चूपचाप चावी देऊन आली? पावती हाय काय तुह्याजवळ?"

पावती नव्हती.

फोन ठेवल्यावर माझं मन मागे मागे जाऊ लागलं. गच्चीवरचं वाळवण बघायला म्हणून काकू दुपारी वर यायच्या आणि माझ्या उघड्या दारातून आत नजर टाकून जायच्या. मला ती माया वाटायची. आता वाटलं, तेव्हापासूनच मोजमाप चालू असेल. दिवाळीत त्यांनी चिवड्याचा डबा दिला होता. तोही आठवून मी उगाच संशय घेतला. पंखा तर शेवटच्या दिवसापर्यंत चालू होता. तोटी मी आले तेव्हाच गळत होती. निघताना आईने आणि मी फरशी दोनदा पुसली होती. हे सगळं मी काकूंना मेसेजमध्ये लिहून पाठवलं.

अडत होतं ते रंगापाशी. काकूंचं उत्तर आलं, खोली मला देण्याआधी त्यांनी नवा रंग मारून घेतला होता. मी आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी खोलीत रंगाचा वास होता का? खरं सांगायचं तर मला रंगाचा वास वेगळा कळतच नाही. तो आमच्या घरात कायमच असतो. बाबा रंगारी आहेत. लोकांची घरं रंगवतात.

आणि हे मी काकूंपासून लपवलं होतं. तीन वर्षांपूर्वी बाबा खाली ऑटोतून माझी पेटी उतरवत होते, तेव्हा काकूंनी विचारलं, "पप्पा काय करतात?" मी म्हटलं, "रंगाचं दुकान आहे." का म्हटलं, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. त्यानंतर बाबा कधी अमरावतीला आले की मी त्यांना बसस्टँडवरच भेटायचे. खोलीवर नेलं नाही.

म्हणून यादी बाबांना दाखवायची नाही असं मी ठरवलं होतं. पण आईने सांगून टाकलं. बाबांनी फोन हातात घेऊन, लांब धरून वाचलं.

"चार हजार? येवढ्याशा खोलीले? कोन्ता कलर मारून राह्यली ते बाई, सोन्याचा?"

"मी जाऊन बोलते बाबा. एकटीच जाते."

"तू काय बोलशीन? तुले भिंत समजते काय? चाल, उद्या पाहून येऊ."

सकाळी एसटीने निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, पण कॉलरवर पिस्ता रंगाचा एक ठिपका होता. तो झाकता येईल का, याचाच विचार करत मी बसले होते.

काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. "या भाऊ. पोरगी तुमची गुणाची, त्यात वाद नाही. पण खोलीचं पाहा नं तुमी. अन् तुमचं तं दुकानच आहे रंगाचं, तुमाले रेट मी काय सांगू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"दुकान नाही जी ताई," बाबा म्हणाले. "ब्रश हाय. मी रंगारी आहो."

काकूंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "असं काय? मंग अजून काय काय खोटं सांगितलं व तू मले? म्हणे पंखा चालू होता, तोटी आधीच गळत होती. आता मी काय काय खरं मानू?"

त्या खोटं बोलतात असं सिद्ध करायला मी आले होते आणि खोटारडी ठरले होते मीच. सहाशे रुपये घ्यावेत आणि निघावं, असं वाटलं.

बाबा मात्र जिना चढायला लागले होते.

खोलीत गेल्यावर त्यांनी आधी पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. आम्ही तिघंही वर पाहत उभे राहिलो.

"चालते तं," बाबा म्हणाले.

"आज चालून राह्यला," काकू म्हणाल्या.

मग बाबांनी भिंतीवरून तळहात फिरवला. हाताला बदामी भुकटी लागली. खिडकीजवळ पोपडा सुटला होता, तिथे नखाने खरवडलं. "ताई, हा कलर कवाचा?"

"हिच्या आधीच मारला. नवाकोरा होता."

बाबांनी वर पाहिलं. दारावर सिमेंटचा माळा होता. त्यावर काकूंची एक तुटकी सूटकेस पडलेली असायची. मी तीन वर्षांत तिथे कधी हात घातला नव्हता. बाबांनी स्टूल मागितलं, वर चढले, सूटकेस सरकवली आणि मला म्हणाले, "मोबाइलची बॅटरी लाव. इकडे दाखव."

माळ्याच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलने आकडे लिहिले होते. खोलीची लांबी, रुंदी, उंची. शेजारी ब्रशचा एक फटका मारून पाहिलेला, खोलीचाच बदामी रंग. आणि खाली तारीख.

"आमी काम घेतलं का माप असं माळ्यावर लिहून ठेवतो," बाबा वरूनच सांगत होते. "इथं कोनी पाहत नाही, कोनी पुसत नाही. रंग जमला का तेही इथंच पाहून घेतो. हे काय, तारीख वाच."

मी वाचली. त्या साली मी आठवीत होते.

"ते माळ्याचं झालं," काकू म्हणाल्या. "बाहेरून नंतर मारला नसन कशावरून?"

बाबा खाली उतरले आणि खिडकीजवळची खरवडलेली जागा दाखवली. "हा खालचा चुना. त्यावर बदामी, एकच हात. दुसरा हात पडलाच नाही ताई. पडला असता तं इथं दुसरा पापुद्रा दिसला असता."

काकू बराच वेळ तिथे वाकून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे सारं आमचे मिस्टर पाहत. मले कुठं तारखा पाठ आहेत?" आवाज खाली आला होता. पण मला तेही खरं वाटलं नाही.

मी मनातून जिंकल्यासारखी झाले होते. तेवढ्यात बाबा पलंगाकडे वळले. "अन् हे कोनाचं?"

पलंगाच्या वर, बसल्यावर डोकं टेकतं तिथे, भिंतीवर ताटलीएवढा काळपट गोल डाग होता. मी रोज तिथे टेकून अभ्यास करायचे. आई दर महिन्याला खोबरेल तेलाची बाटली पाठवायची.

"हेच तं म्हणून राह्यली मी!" काकू म्हणाल्या. त्या असं काहीही म्हणाल्या नव्हत्या.

मी बाबांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, ते यादीत नाही."

"यादीत नाही, भिंतीवर तं हाय नं," ते मोठ्याने म्हणाले. "तेल आहे ताई हे. यावर कलर धरत नाही. घासा लागते, प्रायमर मारा लागते. ही एक भिंत मी मारून देतो. उद्या येतो सामान घेऊन."

मला इतका राग आला, की हे नक्की कोणाच्या बाजूने आलेत असं वाटून गेलं.

"अन् पोपडे आले तं?" काकूंनी विचारलं. "तुमी तं मारून निघून जासान."

"नाही येत. भिंत पाहूनच पैसे द्या तुमी."

इथे मला राहवलं नाही. बाबांनी भिंत रंगवायची आणि काकूंनी नंतर आणखी काही काढायचं, हे मला समोर दिसत होतं. रविवारला तीनच दिवस राहिले होते. मी म्हटलं, "काकू, अर्धे आता द्या. तीन हजार."

काकू म्हणाल्या, "दुकानदाराची नाही म्हणते, पण बोलते तं तशीच," आणि पैसे आणायला खाली गेल्या. बाबा तोंडातल्या तोंडात हसत होते.

दुसऱ्या दिवशी मीही बाबांसोबत गेले. पॉलिश पेपर घेऊन तो डाग मीच घासला. बाबांनी प्रायमर मारला, वाळू दिला, मग रंग. तोटीही त्यांनी नवीन वायसर टाकून बंद केली. काकू तीनदा वर येऊन गेल्या, एकदा चहा घेऊन आणि दोनदा नुसत्याच. संध्याकाळी त्यांनी अडीच हजार दिले. साफसफाईचे पाचशे कापलेच. मी तोंड उघडणार होते, पण बाबांनी ब्रश धुता धुता मान हलवली. खाली उतरल्यावर म्हणाले, "दुकान काहून सांगितलं व?" मी त्यांच्या हातातली सामानाची पिशवी घेतली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी मी एकटी अकोल्याला गेले. पैसे देण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढले, नळ उघडून पाहिला, स्टूल मागून माळ्यावर बॅटरी मारली. मग पावती मागितली. तिथले काका माझ्याकडे बघतच राहिले.

"बाबा पोलिसात आहेत काय तुझे?"

"नाही काका. रंगारी आहेत."

त्यांनी पावती लिहून दिली, पण त्यानंतर तेही आठवड्यातून एकदा काहीतरी निमित्ताने खोलीत डोकावतात.

राजापेठेच्या काकू जाणूनबुजून खोटं बोलल्या की खरंच विसरल्या होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता मी अभ्यासाला बसते तेव्हा पाठीमागे भिंत असतेच. तिच्यावर कापड लावायचा विचार केला होता. पण खिळ्याने भोक पडतं आणि चिकटपट्टीने रंग निघतो. म्हणून मी ओढणी डोक्यालाच घट्ट बांधून बसते.