एका लेकराच्या दोन बांध्या

आमच्या घरी धानाचं नवं बियाणं कोणी कितीही वाखाणलं, तरी ते सगळ्या शेतात एकदम जात नाही. एका बांधीत, म्हणजे धानाच्या एका तुकड्यात, जुनं, शेजारच्या बांधीत नवं, मध्ये धुऱ्याचा बांध. खत सारखं, पाणी सारखं. कापणी होईपर्यंत कोणी मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम मी सोडून सगळे पाळतात.

म्हणून धाकट्या जाऊपुढे थेरपी निवडायचा प्रश्न आला, तेव्हा उत्तर माझ्याकडे तयार होतं. आमच्या करडी गावातली अर्धी उत्तरं माझ्याकडे तयारच असतात, प्रश्न तेवढे यायचे राहतात.

तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची झाली होती. बोलत नव्हती. काही हवं असलं की आपला हात धरून न्यायची आणि पळी उचलावी तसा तो हात उचलून हव्या त्या वस्तूवर ठेवायची. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. गावानं सांगितलं, "पोट्टी मोठी झाली का बोलंल." जाऊनं दोघांचंही ऐकून घेतलं, पण धास्ती एकाच गोष्टीची घेतली. एका लग्नात ही दुपारभर उन्हाच्या झळीत पाणी न मागता बसली होती, आणि घरी येताना अंगात ताप. उद्या अंगणवाडीत तहान लागली तर?

"तिनं परक्या मानसाले पानी मांगलं पायजे, ताई," जाऊ म्हणाली. "बाकीचं मंग पाहू."

रस्ते दोन होते. नागपूरच्या मॅडमची पद्धत टेबल-खुर्चीची: एक काम घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे, तुकडा जमला की लगेच शाबासकी आणि आवडीचा खाऊ. भंडाऱ्याच्या मॅडमची जमिनीवरची: लेकरू जे खेळतंय त्यात आपण शिरायचं, त्यानं काही मागावं अशी वेळ आणायची आणि धीर धरायचा. दोघी मनापासून शिकवत. दोन्हीकडच्या आयांपाशी नवलाच्या गोष्टी होत्या. एकीचं ऐकलं की दुसरीकडे कायले जायचं, असं वाटे.

"त्यात काय?" मी म्हणाले. "दोन बांध्या करू. सकाळी तुहं टेबल, संध्याकाळी माहा खेळ. कोन्ती बांधी पिकते थे दिसंलच."

"अन् धुरा?"

"दुपारची झोप."

जाऊचं टेबल शिस्तीत चाललं. चित्रांची कार्डं होती. ग्लासच्या चित्रावर बोट ठेवलं की मुरमुरे. माझ्या वाट्याला खेळ आला, आणि खेळ म्हणजे गंजाचं, पातेल्याचं, झाकण जमिनीवर गरगर फिरवणं. ती फिरवायची, मी फिरवायचे. उठताना मला दाराची चौकट धरावी लागे.

"थेरपी कोनाची चालू आहे?" आमचे हे ओसरीवरून विचारायचे. "पोरीची का तुही?"

दोन्ही बांध्या हिरव्या दिसू लागल्या. टेबलावर ती ग्लास बरोबर ओळखायची, पण तहान लागली की त्या चित्राशी तिचं काही देणंघेणं नसे. माझ्याकडे ती झाकण थांबवून माझ्या तोंडाकडे बघू लागली होती. पण बघून मागायचं कसं, ते तिच्यापाशी नव्हतं. अर्थात आम्ही हे एकमेकींना सांगितलं नाही. दोघी आपापल्या बांधीची राखण करत होतो.

मग एका संध्याकाळी झाकण फिरत असतानाच ती उठली. जाऊच्या डब्यातून ग्लासचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. हात ओढला नाही. कार्ड दिलं आणि थांबली. मी धडपडत पाणी आणलं. ती घटाघटा प्यायली.

"पायलं का व?" मी ओरडले. "माह्या बांधीत पिकलं!"

जाऊ कणकेच्या हातानं धावत आली. "कार्ड कोनाचं आहे, ताई?"

"पन मांगलं कोनाले?"

"शिकवलं कोनं?"

"तुह्याकडं तं मुरमुऱ्यासाठी बोट ठेवत होती!"

"अन् तुमच्याकडं नुसती झाकनं फिरवून राहिली होती!"

भांडता भांडता जाऊ खाली बसली आणि पोरीची ओली हनुवटी पदरानं पुसत राहिली. पोरगी झाकणाकडे परत गेली. आमच्या वादात तिला रस नव्हता.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. धान आपल्या बांधीत उभं राहतं. लेकरू धुरा ओलांडून जातं, आणि जाताना हातात इकडचं घेऊन जातं. पीक कोणाचं, हे आता कोण ठरवणार? भंडाऱ्याच्या मॅडम हे ऐकून हसल्या. मग म्हणाल्या, "दोन्हीकडे काय चाललंय ते आम्हा दोघींना सांगत जा. आणि बघायचं ते एवढंच, की शिकलेलं ती दुसरीकडे वापरते का, आणि खुशीत असते का."

खुशीचं ऐकून जाऊला सकाळ आठवली. टेबलापाशी खुर्ची ओढली की पोरगी कानांवर हात ठेवायची, ते तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी टेबल माळ्यावर गेलं. बारीक तुकडे करून शिकवणं राहिलं, पण अंगणात, झाकणांच्या संगतीत. भंडारा दर आठवड्याला, नागपूर अधूनमधून.

पोरगी अंगणवाडीत जाऊ लागली, तसं कार्ड तिथल्या भिंतीवर, तिच्या हाताला येईल असं लावलं. पण तिथली मदतनीस बाई फार मायाळू. पोरगी दिसली की ग्लास तिच्या तोंडाशी. मागायची वेळच येईना.

जाऊ जाऊन सांगून आली. "बाई, जरासं थांबत जा जी. तहानलेली ठेवू नका, पन तिले मांगाले जागा द्या."

सांजेपर्यंत गावभर झालं, की माय असून लेकराले पानी देऊ देत नाही. बोअरिंगवर पाणी भरताना एका म्हातारीनं मला अडवलं, "तुही जाऊ अशी कशी व?"

"अशीच आहे," मी म्हणाले. याहून छोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

जाऊ रोज थोडा वेळ अंगणवाडीच्या खिडकीपाशी उभी राहायची. एका सकाळी मीही सोबत होते. पोरीनं कार्ड काढलं, मदतनीस बाईंच्या हातात दिलं आणि थांबली. बाईंनी पाणी दिलं. घोटभर पिऊन पोरीनं उरलेलं फरशीवर ओतलं, त्यात तळवा गोल गोल फिरवला, कार्ड उचललं आणि परत दिलं. मग परत.

"हे तं दिवसभर मांगूनच राहील व!" बाई खिडकीकडे बघून म्हणाल्या.

जाऊ आत गेली. कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि ओल्या फरशीवर बसली.

"मांगू द्या," ती म्हणाली. "मी पुसतो."